जुनी सायकल पार्सलने आली, मागचा भाग दबलेला. भुर्दंड कोणाचा?

उतारावरचा

नमस्कार. चार दिवस झाले, डोक्यात दुसरा विषय नाही, म्हणून सगळं इथे मांडतो.

एका गृहस्थांकडून जुनी रोड बाईक घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी भाग), रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे). भरपूर फोटो पाहिले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी चाकं फिरवून, गिअर बदलून दाखवले. माणूस सरळ वाटला. पैसे थेट खात्यावर पाठवले आणि त्यांनी सायकल खोक्यात भरून पार्सल केली.

पार्सल आलं तेव्हा मी घरी नव्हतो. घरच्यांनी सही करून खोकं ठेवून घेतलं. सही 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' या ओळीखाली आहे, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी पाहतो तर खोक्याची एक लांब बाजू आत गेलेली, हाताने धरायचं भोक फाटलेलं, आणि एका कोपऱ्यातून फोर्कचं टोक बाहेर डोकावत होतं.

उघडल्यावर दिसलं ते असं. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर जिला लटकतो ती पट्टी, आत वाकलाय. मागचं चाक काढून बाजूला बांधलं होतं, ते बसवायला गेलो तर बसेचना. चाक ज्यांच्यामधे बसतं त्या फ्रेमच्या मागच्या दोन दांड्यांमधलं अंतर मोजलं तर १२१ मिमी भरलं. तिथे १३० हवं. खालच्या मोठ्या नळीवर अंगठ्याएवढा पोचा आहे, तो फोटोंमध्ये नव्हता.

विकणाऱ्यांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "माझ्याकडून निघाली तेव्हा सायकल ठणठणीत होती. पार्सल ऑफिसात दिली, पावती घेतली, तिथे माझा संबंध संपला." मी म्हटलं, मला धावणारी सायकल विकली होती, मोडकी नाही. आवाज चढले. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

पैसे परत मागायचा मला हक्क आहे की नाही? आणि असला तर कोणाकडे?

तिसरा_गिअर

हक्क आहेच. वस्तू हातात पडेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. ऑनलाइन मागवलेला टीव्ही फुटून आला तर आपण पार्सलवाल्याशी भांडतो का? ज्याला पैसे दिले त्याच्याकडेच मागतो. यातही तेच करा.

आऱ्याआऱ्यातून

तिसरा गिअर, टीव्ही दुकान विकतं. इथे आपल्यासारखाच एक माणूस आपली वापरलेली सायकल विकतोय. त्याच्याकडे ना गोदाम, ना बदली माल.

मी दुसऱ्या बाजूने हे भोगलंय. माझी सायकल मी नीट भरून पाठवली. आठ दिवसांनी निरोप आला, "डाव्या क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे गेलेत, प्रवासात खराब झाले, इतके पैसे परत करा." मला वाईट वाटलं, मी पैसे पाठवूनही दिले. नंतर एका मेकॅनिकने समजावलं की क्रँकचे आटे प्रवासात जाऊच शकत नाहीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते माहीत नसलेला माणूस पेडल उजव्यासारखं फिरवत बसतो, पाना लावून जोर देतो, आणि ॲल्युमिनियमचे मऊ आटे खरवडून निघतात. म्हणजे नुकसान त्यांच्या हातून झालं आणि भरलं मी.

तुम्ही असं केलंय असं मी म्हणत नाही. तुमच्या वर्णनात तर खोकंच दबलेलं आहे. पण दरवेळी विकणाराच खोटा असं धरून चालू नका.

पाना_पंधरा

मी सायकली दुरुस्त करतो. पार्सलने आलेल्या सायकलींची जोडणी हे माझं जवळजवळ रोजचं काम आहे. पैशांचं नंतर बघा. आधी सायकल काय म्हणते ते बघू.

पहिलं म्हणजे ती चालवू नका. मागचे दांडे हाताने ओढून, चाक कसंबसं बसवून 'होतंय की' म्हणत फेरी मारायचा मोह होतो. नऊ मिमी ही लहान गोष्ट नाही. स्टीलची फ्रेम असती तर मी सांगितलं असतं की काही मिमी परत ओढून घेता येतात, स्टील तेवढं सोसतं. ॲल्युमिनियमचा तो स्वभाव नाही. एकदा वाकलं की तिथला धातू कडक आणि ठिसूळ होतो. उलटं वाकवलं की वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडू शकते, आणि ती आज दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी दिसते. तेही चालत्या सायकलवर.

हँगरची काळजी सोडा. तो मुद्दाम मऊ बनवलेला असतो, फ्रेमऐवजी त्याने मोडावं म्हणून. तुमच्या मॉडेलचा मिळेल.

आता एक साधी चाचणी. मागच्या उजव्या टोकाला, म्हणजे जिथे चाकाचा आस बसतो तिथे, एक बारीक मजबूत दोरी बांधा. ती पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून डाव्या टोकाला आणून ताणून बांधा. मग सीटच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सारखं आलं तर दोन्ही दांडे सारखे आत आलेत. एका बाजूला कमी आलं तर तो एकच दांडा वाकलाय. आकडे आणि फोटो इथे टाका. आणि एक सांगा, मागच्या दांड्यांमध्ये आधाराला काही अडकवलेलं होतं का? प्लास्टिकची कांडी, जुना आस, लाकडाचा तुकडा, काहीही?

उतारावरचा

@पाना_पंधरा, आभारी आहे. दोरी लावली. सीटच्या नळीपासून उजवीकडे २४ मिमी, डावीकडे ३१. म्हणजे उजवा दांडा आत आलाय. खोकं दबलंय तीच बाजू.

मागे आधाराला काहीच नव्हतं. पुढे फोर्कमध्ये होतं, पण पुठ्ठ्याची गुंडाळी, चिकटपट्टीने बांधलेली. ती चेपली गेलीय.

रात्रपाळी

पार्सल वेगळी करण्याच्या केंद्रात मी काही वर्षं रात्रपाळी केली आहे. आता ते काम करत नाही, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

लोकांना वाटतं, खोक्यावर बाण काढला, 'ही बाजू वर' लिहिलं, 'काच' लिहिलं की माणसं जपतील. माणसं मनाने वाईट नसतात, पण खोकं बराच वेळ माणसाच्या हातात नसतंच. ते पट्ट्यावर असतं. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना पडतं, वळणावर कठड्याला आपटतं. सायकलचं खोकं उंच आणि अरुंद, उभं ठेवलं तर पडणारच. म्हणून गाडीत ते आडवं जातं. आडवं गेलं की वर जागा रिकामी दिसते, आणि रिकाम्या जागेत दुसरी पार्सलं येतात. वजनदार पार्सलं. मग काही तास गाडीचे हादरे.

म्हणून सायकल भरताना मनात चित्र हे धरावं: हे खोकं आडवं पडणार आहे, त्यावर कोणीतरी बसणार आहे आणि रस्ता खराब आहे. तुमच्या सायकलचे मागचे दांडे मधे पोकळ जागा घेऊन आडवे पडले होते. वर वजन आलं, ते मिटले. चाक जागेवर असतं तर चाकाच्या आसाने ते तोलून धरलं असतं.

हे वाचून मला वाईट वाटतं, कारण अशी खोकी मी स्वतः रचली आहेत. आत काय आहे ते आम्हाला दिसायचं नाही.

तिसरा_गिअर

म्हणजे चूक पार्सलवाल्यांची आणि पॅकिंग करणाऱ्याची. घेणाऱ्याची काहीच नाही. माझं म्हणणं तेच आहे.

तळटीप

थोडं कायद्याचं लिहितो. देशोदेशी फरक आहे, पण गाभा बऱ्याच ठिकाणी एकसारखा आहे आणि तो लोकांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे.

दुकानदार ग्राहकाला विकतो तेव्हा बऱ्याच देशांत नियम ग्राहकाच्या बाजूने असतो. ब्रिटनमध्ये २०१५चा ग्राहक हक्क कायदा सांगतो की माल ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची. युरोपीय संघात २०११च्या ग्राहक हक्क निर्देशातही तसंच आहे. तिसरा_गिअर यांचा टीव्ही यात बसतो.

दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराला हे लागू होत नाही. तिथे जुना सर्वसाधारण नियम येतो. जर्मन नागरी संहितेचं कलम ४४७ सांगतं की घेणाऱ्याच्या सांगण्यावरून माल दुसरीकडे पाठवला, तर तो वाहतूकदाराच्या हाती दिल्यावर जोखीम घेणाऱ्याकडे जाते. ब्रिटनचा १९७९चा माल विक्री कायदा, कलम ३२, आणि भारताचा १९३०चा माल विक्री कायदा, कलम ३९, हे दोन्ही म्हणतात की माल वाहतूकदाराला देणं म्हणजे, उलट काही ठरलेलं नसेल तर, सकृद्दर्शनी घेणाऱ्याला देणंच. तेव्हा तुमचे विकणारे 'माझा संबंध संपला' म्हणाले ते अगदीच हवेतलं नाही.

पण ब्रिटन आणि भारताच्या त्याच कलमांचा दुसरा भाग कोणी वाचत नाही. विकणाऱ्याने वाहतूकदाराशी मालाचं स्वरूप बघून रास्त असा करार करायला हवा. त्याने तो केला नाही आणि माल खराब झाला, तर घेणारा 'मला माल मिळालाच नाही' असं म्हणू शकतो किंवा नुकसानभरपाई मागू शकतो. आणि जोखीम वेगळी, कसूर वेगळी. नीट भरलेली सायकल वाटेत मोडली तर ती जोखीम. भरण्यातच उणीव होती म्हणून मोडली तर ती भरणाऱ्याची कसूर, आणि 'पार्सल दिलं, संपलं' म्हणून ती झटकता येत नाही.

म्हणून सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबतो: सायकल नीट भरली होती का? त्याचं उत्तर फोटोत नाही, फोनवरच्या भांडणात नाही. ते खोक्यात आहे. उतारावरचा, खोकं टाकून दिलं नाही ना?

उतारावरचा

खोकं आहे. आतला पुठ्ठा आणि फोमही आहे. टाकणार होतो, खरं सांगतो. जागा अडते म्हणून परवा बाहेर काढूनही ठेवलं होतं.

तळटीप

आत आणा. पाऊस-पाणी लागू देऊ नका. पार्सलचा चिकटवलेला कागद फाडू नका.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. वाहतूकदाराशी करार कोणाचा? विकणाऱ्यांचा. पावती त्यांच्या नावावर. दावा करायला बहुतेक ठिकाणी पाठवणाराच लागतो. तुम्ही फोन केलात तर ऐकायला मिळेल, 'पाठवणाऱ्याला सांगा'. आणि पुरावा कुठे आहे? तुमच्या घरात. म्हणजे दावा करायचा हक्क त्यांच्याकडे, दावा सिद्ध करणारं सामान तुमच्याकडे. तुम्ही दोघं बोलत नाही तोवर वाहतूकदाराला काहीच करावं लागत नाही. दिवस जात राहतात, तेवढं त्याला पुरतं.

दिवस फार मोलाचे आहेत. सरहद्दीपलीकडच्या रस्ता वाहतुकीचा १९५६चा सीएमआर नावाचा करार आहे. त्यात वरून न दिसणाऱ्या नुकसानाची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून सात दिवसांत करायची असते, रविवार आणि सुट्ट्या सोडून. विमानाने आलेल्या मालाला १९९९च्या माँट्रियल करारात चौदा दिवस आहेत. देशांतर्गत पार्सलला मुदत ज्याच्या त्याच्या अटींवर असते आणि ती याहून कमी असू शकते. पावतीच्या मागची बारीक अक्षरं आजच वाचा.

आऱ्याआऱ्यातून

हे वाचून मला माझं प्रकरण नव्याने कळलं. मला फक्त क्रँकचा एक जवळून काढलेला फोटो आला होता. खोक्याचा फोटो मी मागितलाच नाही.

पाना_पंधरा

मी भर घालतो, कारण हे कोणी शिकवत नाही. नुकसान वाटेत झालं, आधीचं आहे, की जोडताना झालं, हे सायकल बऱ्याच अंशी स्वतः सांगते.

पोचा आहे? त्याच जागी खोक्याला भोक किंवा आत गेलेला खड्डा आहे का बघा. दोन्ही जुळले तर मार बाहेरून बसलाय. फ्रेमवर घासल्याची खूण आहे पण खोकं तिथे साबूत आहे, तर आतलंच काहीतरी हलून घासलंय, म्हणजे बांधणी सैल होती. खोक्यावरही काही नाही आणि आत जवळपास टणक असं काही नाही, तर तो पोचा आधीचा असण्याचीच शक्यता जास्त.

चीर आहे? ॲल्युमिनियमची ताजी चीर आत लख्ख चमकते. जुनी काळपट असते, तिच्यात धूळ आणि तेल बसलेलं असतं. स्टीलच्या जुन्या चिरेच्या कडेला गंज असतो. कार्बनवर पांढरं स्वच्छ फडकं हलकेच फिरवा. तुटलेले धागे फडक्याला अडकतात, आणि चिरेत जुना मळ असेल तर काळी रेघ उठते. नाण्याने हलके टिचक्या मारून आवाज ऐकायची रीतही आहे. चांगला भाग टणक वाजतो, आतून सुटलेला भाग बद्द वाजतो. पण नळीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून डाव्या-उजव्या त्याच जागांची तुलना करा. एका जागेवरून निकाल देऊ नका. तुमचा फोर्क कार्बनचा आहे आणि त्याचं टोक खोक्याबाहेर आलं होतं. तो काढून पूर्ण तपासून घ्या. या सायकलीत माझ्या लेखी पोच्यापेक्षा ते जास्त गंभीर आहे.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक असलेल्यांसाठी: चाक काढून पाठवलं आणि वाटेत ब्रेकचा दांडा दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येतात, मग पॅड एकमेकांना चिकटतात. घेणारा म्हणतो ब्रेक बिघडलेला पाठवला. तो बिघडलेला नसतो, पिस्टन मागे ढकलले की बहुतेक वेळा काम होतं. पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा घातला असता तर वादच झाला नसता.

निळी_फ्रेम

नमस्कार. एका मित्राने हा धागा पाठवला. ही सायकल मी विकली आहे.

मी आजवर इथे कधी लिहिलं नव्हतं. वाचताना हात थरथरत होते, कारण माझ्याबद्दल अनोळखी लोक बोलत आहेत आणि त्यांच्यासमोर अर्धीच गोष्ट आहे.

ती सायकल मी सहा वर्षं जपली. विकताना मन खात होतं. मी या गृहस्थांना सुरुवातीला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मोठ्या खोक्यात मागचं चाक न काढता पाठवतो. दोन, वाहतुकीचा विमा घेऊ. पार्सलवाले आकारावर वजन धरतात. लांबी १४० सेंमी, रुंदी २०, उंची ८०, या तिन्हींचा गुणाकार करून ५,०००ने भागतात. उत्तर ४४.८ किलो येतं. प्रत्यक्षात खोक्यासकट वजन १५ किलोच्या आसपास. भाडं ४४.८ किलोचं. ते ऐकून हे म्हणाले, "इतकं कशाला, लहान खोक्यात बसवा ना, मागचं चाक काढलं तर बसेल. विम्याचंही राहू द्या." तो निरोप माझ्याकडे आहे. म्हणून मी दोन्ही चाकं काढली.

मागे आधार घालायचा असतो हे मला माहीत नव्हतं. हे मी मान्य करतो. पुढे घालतात हे नव्या सायकलच्या खोक्यात पाहिलं होतं, म्हणून पुठ्ठ्याचं काहीतरी केलं. मागचं सुचलंच नाही. पण मी फसवलं, मोडकी सायकल गळ्यात मारली, असं कोणी म्हणू नये.

तिसरा_गिअर

उतारावरचा, हे खरं आहे का?

उतारावरचा

खरं आहे. लहान खोक्याचं मीच सुचवलं होतं, विमाही मीच नको म्हटला. धागा सुरू करताना हे लिहायला हवं होतं. तेव्हा मला ते महत्त्वाचं वाटलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर फक्त वाकलेला दांडा होता. @निळी_फ्रेम, फोनवर मी जे बोललो त्याबद्दल माफी मागतो. 'फसवणूक' हा शब्द मी वापरायला नको होता.

निळी_फ्रेम

माझाही आवाज चढला होता. सोडून देऊ.

आऱ्याआऱ्यातून

दोघंही इथे आहात तर बोलून घ्या, मुदत निघून जायच्या आत.

तळटीप

होय, आणि क्रमाने करा. निळी_फ्रेम, आज लेखी तक्रार द्या. तोंडी नको, फोन नको. पावती क्रमांक, माल काय, नुकसान काय, आणि भरताना काढलेले फोटो असतील तर तेही. उतारावरचा, खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, आतल्या फोमचे, पोचा आणि खोक्यावरचं भोक एकाच चौकटीत येईल असा एक, दोरी लावून मोजल्याचा एक, आणि पेडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेल्या क्रमांकाचा एक. तो क्रमांक विकतानाच्या फोटोशी जुळला की हीच ती सायकल, यावर कोणी शंका घेत नाही.

'चांगल्या स्थितीत मिळाला' या सहीने दावा अवघड होतो, अशक्य होत नाही. आतलं नुकसान सही करताना दिसूच शकत नव्हतं, हे लिहा. खोक्याची दबलेली बाजू मात्र दिसत होती, आणि तिथे ते बोट ठेवतील. पुढच्या वेळी सहीशेजारी 'खोकं दबलेलं, आत तपासलेलं नाही' एवढे शब्द लिहून द्या.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. विमा नसेल तर भरपाई बहुधा किमतीवर नाही, वजनावर मिळते. वर सांगितलेल्या सीएमआर करारात किलोला ८.३३ एसडीआर अशी कमाल मर्यादा आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. सगळा माल वाया गेला तरी १५ किलोला जास्तीत जास्त १२५ एसडीआरच्या जवळ, आणि तेही खऱ्या वजनावर. भाडं आकाराच्या वजनावर घेतात आणि भरपाई तराजूच्या वजनावर देतात, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. पण अटींवर सही आपलीच असते.

रात्रपाळी

तपासायला माणूस येईल तेव्हा खोकं उघडून, आतली मांडणी होती तशी परत लावून ठेवा. ते पहिल्यांदा भरण्यातली उणीव शोधतात, कारण ती सापडली की दावा तिथेच फेटाळता येतो. मागचा आधार नव्हता हे त्यांना दिसणारच. लपवू नका. पण खालच्या नळीचा पोचा आधार नसल्यामुळे आलेला नाही, तो बाहेरून काहीतरी टोकदार लागून आलाय, भोकासकट. त्याचा दावा वेगळा मांडा. सगळं एकत्र मांडलंत तर सगळंच एकत्र जाईल.

पाना_पंधरा

रात्रपाळी, हे फार चांगलं सांगितलंत.

उतारावरचा

(पाच आठवड्यांनी)

बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून पुढचं लिहितो.

निळी_फ्रेम यांनी त्याच रात्री तक्रार दिली, मुदतीला दोन दिवस बाकी होते. तपासायला माणूस आला. त्याने पहिली दहा मिनिटं मागच्या दांड्यांवरच घालवली आणि 'अपुरी बांधणी' लिहिलं. मग मी भोक आणि पोचा जुळवून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, दोनदा मोजलं, फोटो घेतले. दांड्यांचा दावा फेटाळला, पोच्याचा मान्य झाला. रक्कम वजनावर, म्हणजे मामुली. ती निळी_फ्रेम यांच्या खात्यावर आली आणि त्यांनी तासाभरात मला पाठवली.

उरलेल्याचं आम्ही असं ठरवलं. फ्रेम गेली हे दोघांनी मान्य केलं. चाकं, गिअर, ब्रेक, हँडल, सीट सगळं चांगलं आहे. पाना_पंधरा यांनी आम्हा दोघांशी एकत्र फोनवर बोलून सुट्या भागांची अंदाजे किंमत काढून दिली. विकत घेतलेल्या किमतीतून ती वजा केली, पार्सलवाल्यांकडून आलेले पैसे वजा केले, आणि राहिलं ते निम्मं-निम्मं. मी विमा आणि मोठं खोकं नाकारलं, त्यांनी मागचा आधार घातला नाही. कोणाची चूक किती टक्के यावर बसलो असतो तर अजून बसलेलो असतो.

फोर्क तपासून घेतला. एका टोकाशी धागे सुटलेले निघाले. तो मी दोन तुकडे करून टाकला, कोणी उचलून वापरू नये म्हणून.

आऱ्याआऱ्यातून

फोर्क कापून टाकलात हे वाचून बरं वाटलं. असे फोर्क परत विकायला आलेले मी पाहिलेत.

एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात मला एक सायकल पाठवायची आहे. ते मागचे-पुढचे आधार मिळतात कुठे?

पाना_पंधरा

विकत घ्यायची गरज नाही. नव्या सायकली खोक्यातून येतात तेव्हा त्यात असतात, आणि सायकल विकणारे ते फेकून देतात. मागा, देतील. पुढचा बहुधा १०० मिमीचा. मागचा तुमच्या सायकलप्रमाणे: रिम ब्रेकची रोड बाईक असेल तर १३०, जुन्या माउंटन बाईकला १३५, जाड आस आरपार जातो त्या डिस्कवाल्यांना बहुधा १४२ किंवा १४८. नाहीच मिळाला तर जुन्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी नटांसकट घाला, नट हवे तिथे फिरवून अंतर धरता येतं. आसाच्या टोकांवर टोप्या घाला, नाहीतर तेच पुठ्ठा फाडून बाहेर येतात. टायरमधली हवा थोडी कमी करा, पूर्ण काढू नका. टायर फुगलेला असला की रिमला गादी मिळते. गिअर हँगरवरून सोडवून, फोममध्ये गुंडाळून मागच्या दांड्यांच्या आतल्या बाजूला बांधा. हँडल फ्रेमला टेकतं तिथे जाड फोम. आणि खोकं बंद करण्याआधी ते धरून हलवा. आत काही खडखडलं तर परत उघडा.

उतारावरचा, दुसरी फ्रेम मिळाली का?

उतारावरचा

मिळाली. स्टीलची, जुनी, फोर्कसकट. या वेळी स्वतः जाऊन आणली. निळी_फ्रेम यांनीच पत्ता दिला, त्यांच्या ओळखीतली आहे.

पाना_पंधरा

जुनी स्टील फ्रेम म्हणजे मागचं अंतर १२६ असू शकतं. तुमचं चाक १३०चं आहे. चाकं चढवायच्या आधी मोजा.

उतारावरचा

आत्ताच मोजलं. १३०.